बटणांच्या चाकांची इंदापूर गाडी

८ जानेवारी, गुरु.

रेहानाचं बोलणं आजपासून बंद. घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा आत घालून पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या पट्ट्यांवर दोन गाठी, मोहरीएवढ्या. महिना-दीड महिना पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीने म्हणे उलट ताण वाढतो. मी विचारलं, परत गाडीवर जाईल ना? डॉ. म्हणाले, "आवाज मोकळा झाला तर जातील. नाही तर डेपोत टेबलाचं काम मागून घ्या." बारामती–इंदापूर गाडीवर जिने सगळी नोकरी काढली त्या कंडक्टरला टेबल. रे. विनातिकीटवाल्याकडे बघते तशी डॉ.कडे बघत राहिली. घरी येईपर्यंत माझा हात धरून होती. रस्त्यात एरवी कधी धरत नाही.

१० जाने., शनि.

पाटी आणली. खडू दुकानातलाच, कापडावर खुणा करायचा. पण रे.ला लिहायचा कंटाळा. जेवताना चमचा ताटावर एकदा वाजला की बास, दोनदा वाजला की वाढा. गाडीच्या घंटीचा नियम, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आज मी बोलत सुटलो होतो तर एकदा वाजवलं. गप्प बसलो.

सकाळी नेहमीच्या वेळेला उठून खाकी ड्रेस घातला तिने. मग आठवलं असणार. पलंगावर बसून राहिली.

११ जाने., रवि.

फेब्रुवारीच्या आठला लग्नाचा वाढदिवस. दर वर्षी ड्रेस शिवून देतो. टेलरने बायकोला ड्रेस देणं म्हणजे गवळ्याने दूध देणं, त्यात कसलं कौतुक.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. शर्ट आपोआप घडी होतो, हात कुणाचा दिसत नाही. खाली कृती दिली होती. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, जराशी सरकवायची, परत फोटो. असे ढीगभर फोटो भरभर पळवले की वस्तू जिवंत. दुपारी दुकानाचं शटर ओढून कात्रीवर प्रयोग केला. इस्त्रीच्या टेबलावर कात्री स्वतःहून चालत गेली आणि दोऱ्याच्या रिळाला धडकली. मी एकटाच हसलो. वीस वेळा बघितलं असेल.

तिची गाडी करायची. बारामती ते इंदापूर, सगळे थांबे. बोलायचं नाही कुणाला.

१४ जाने., बुध.

गाडी तयार होतेय. शर्टाचा खोका, वर लाल पॉपलीन. चाकं कोटाच्या मोठ्या काळ्या बटणांची, त्यांना चार-चार भोकं आहेत त्यामुळे फिरताना चांगली कळतात. रस्ता काळ्या अस्तराचा. कालवा निळ्या साटिनचा. ऊस हिरव्या लोकरीचा, तो लावता लावता बोटं वाकडी झाली. निमगाव केतकीच्या पानमळ्याला ब्लाऊजचं गर्द हिरवं कापड वापरलं. ज्या बाईचं उरलेलं कापड, ती परत मागणार नाही अशी आशा.

हौसेला मोल नाही हे खरं, पण गिऱ्हाइकांच्या पँटी तशाच पडल्यात.

१७ जाने., शनि.

आज रे.ची बाहुली केली. आत इलेक्ट्रिकची वायर, वर तिच्या जुन्या ड्रेसची खाकी. माप घ्यावं लागलं नाही. तिची सगळी मापं मला तोंडपाठ. तिच्या ड्रेसची उजवी बाही मी कायम थोडी सैल ठेवतो, बगलेत दुहेरी शिलाई मारतो. कारण तो हात दिवसभर वरच्या दांडीला. डाव्या हातात तिकिटाचं मशीन, खांद्याला पिशवी, आणि गर्दीतून अशी सरकते की कुणाला कोपर लागत नाही. एकदा तिच्या गाडीने इंदापूरला गेलो होतो, नवरा म्हणून नाही, पॅसेंजर म्हणून. तिकीट काढायला लावलं. तीसेक माणसं उभी होती आणि कोण कुठे उतरणार हे सगळं हिच्या डोक्यात. झोपलेल्या माणसाला त्याचं गाव यायच्या आधी उठवते. मी आपला खिडकीशी बसून बघत राहिलो. या बाईशी आपलं लग्न झालंय याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि तिला सांगितलं ते भलतंच, "गाडी फार हलते तुझी."

बाहुलीचा हात तसाच वर केलाय. बघितलं की तीच.

२१ जाने., बुध.

शूटिंग. रोज दुपारी, घरी सांगतो "इस्त्रीचं काम आहे." एका फोटोला गाडी एक सूत पुढे. टेपने मोजून, खडूची बारीक खूण करून. मोबाईल मशीनच्या वर दोऱ्याच्या दांड्याला रबराने बांधला. आज गाडी कशीबशी पिंपळीच्या पुढे गेली. आजचे हाल: पंखा चालू राहिला, ऊस वाऱ्याने झोपला. मग लाईट गेली. मग मोबाईलवर फोन आला, तो थरथरला, अख्खा रस्ता तिरका.

त्यात एक काकू शटर वाजवून वाजवून आत आल्या. टेबलावरची गाडी बघितली, मला बघितलं. "इक्बालभाई, माझं ब्लाऊज व्हईल तवा व्हईल. तुमी आधी डॉक्टरकडं जावा."

२३ जाने., शुक्र.

अडलं. गाडी चालते पण मुकी. त्यात रे.चा आवाज पाहिजे, थांबे पुकारतानाचा. मोबाईल पालथा घातला. तिचे आवाज आहेत भरपूर. "दळण आणा." "गॅस बंद केला का." "किती वाजता येताय." पण गाडीतला आवाज एकही नाही. तो आवाज ती घरी आणतच नाही. घरातला मऊ आहे. गाडीतला पार मागच्या शिटापर्यंत जातो आणि तरी कुणावर ओरडल्यासारखा वाटत नाही.

इतकी वर्षं रोज तो आवाज त्या रस्त्यावरून गेला आणि कुणी साठवून ठेवला नाही. मी तरी कुठे ठेवला? आता तो परत येणार की नाही तेही माहीत नाही. आज जेवण गेलं नाही.

२५ जाने., रवि.

आज इंदापूर गाडीने जाऊन आलो. रे.ला सांगितलं, मापाला जातोय. ड्रायव्हर नामदेवतात्या, रे.च्या बरोबर कायम ड्युटी करणारा. त्याला सगळं सांगितलं. तात्या म्हणाला, "ताईचा आवाज हाय की. माझ्या कानात हाय. काढून कसा देऊ तुमाला?"

मग तात्यानेच गाडीत विचारलं, कुणाच्या मोबाईलमधी रेहानाताईचा आवाज हाय का. नव्हता कुणाकडे. पण मागच्या बाजूला कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या, त्यातली एक उठून उभी राहिली, उजवा हात दांडीला लावला आणि हुबेहूब रे.सारखी ओरडली, "भवानीनगऽऽर! भवानीनगरवाल्यांनो, पिशव्या आपापल्या, लेकरं आपापली!" अख्खी गाडी हसली. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तिला परत म्हणायला लावलं.

मग काय, सुरुवात झाली. जंक्शन नावाच्या गावाला चढलेल्या एका शिक्षकांनी "जंक्शन, डुलक्या पुरे झाल्या" म्हणून दाखवलं. अंथुर्ण्याची एक आजी लाजत होती, तिच्या सुनेने ढोसल्यावर म्हणाली. अगदी बारीक आवाजात, पण हेल बरोबर रे.चा, शेवटचं अक्षर उचलून धरायचा. निमगावचे पानमळेवाले आबा टोपली मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मी न्हाय नक्कल करनार. त्या बाईनं माझी पानं कदी कुनाला तुडवू दिली न्हाईत." पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "आना तो मोबाईल हिकडं." आणि म्हणाले, "निमगावऽऽ! आबाच्या पानावर पाय पडला तर उतरवून देईन!"

प्रत्येक गावाने आपापला थांबा पुकारला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांना तिचे शब्द पाठ. परत येताना खिडकीतून ऊस बघत होतो, डोळे पुसत होतो. शेजारचा म्हणाला, काच लावा, धूळ लई हाय.

३० जाने., शुक्र.

रे. घरात सैरभैर. सगळी कपाटं आवरून झाली, आता माझं दुकान आवरायला येते म्हणून पाटीवर लिहिलं. म्हटलं, गिऱ्हाईक बायका बोलतात, तुला उत्तर द्यावंसं वाटेल, नको. तिने एकदा टिचकी वाजवली. म्हणजे थांब. म्हणजे मला कळतंय काहीतरी आहे ते.

संध्याकाळी गच्चीत उभी होती. स्टँडवरून सुटणारी गाडी घरापर्यंत ऐकू येते. तिने मान वळवली नाही, पण ओठ हलले. आवाज न काढता सगळे थांबे म्हणत होती. मी खाली निघून आलो.

३ फेब्रु., मंगळ.

शेवटचा फोटो झाला. गाडी इंदापुरात पोचली. उभं राहून कंबर धरली. मोबाईलवर फोटो जोडले, आवाज लावले. सगळं मिळून एक चहा पिण्याएवढा वेळ चालतं. एवढ्यासाठी महिना गेला. पण काय दिसतं! लाल गाडी उसातून निघते, बटणं फिरतात, बाहुली घंटीची दोरी ओढते, एक म्हातारी अंथुर्ण्याला उतरते. आपल्याच कामाची आपण स्तुती करू नये. पण चांगलं झालंय.

८ फेब्रु., रवि.

दाखवलं. सकाळीच, चहा झाल्यावर. म्हटलं, ड्रेस नाही या वर्षी. तिने कपाळाला आठी घातली.

पहिल्यांदा गाडी दिसली तेव्हा नुसती बघत होती. मग बाहुली दिसली, वर केलेला हात. तिने आपल्या उजव्या खांद्याला हात लावला. मग त्या पोरीचा आवाज आला, "भवानीनगऽऽर", आणि रे.ने माझ्या मनगटाला असं धरलं की बांगडी रुतली. निमगावच्या आबांना ओळखलं तिने पहिल्या शब्दाला. रडत होती आणि आवाज न काढता हसत होती, खांदे नुसते गदागदा. मला वाटलं, अल्ला, आता आणखी काही नको.

परत बघितलं. परत. तिसऱ्यांदा मध्येच पडद्यावर बोट ठेवलं, मान पुढे केली, डोळे बारीक. मग तोंडावर पदर घेऊन लोळायचीच बाकी. पाटी घेतली आणि लिहिलं:

"यात एक मोठी चूक आहे."

मी म्हटलं, कुठली?

पुसून लिहिलं, "लिहिणार नाही. आवाज आला की तोंडाने सांगेन."

९ फेब्रु., सोम.

कुठली चूक? बटणं? बाईच्या कमीजला बटणपट्टी कुठल्या अंगाला ते मला झोपेत कळतं. बघितलं, बरोबर आहे. घंटी? दोनदा वाजल्यावरच गाडी सुटते. थांब्यांचा क्रम? पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सगळं जागेवर. बिल्ला? आहे. रे.ला एकेक विचारत बसलो. प्रत्येकाला एक टिचकी. थांब. थांब. थांब. तिला मजा येतेय. महिन्यात पहिल्यांदा भाकरी करताना पायाने ताल धरला होता.

आवाज आला की. आला की, असं लिहिलं तिने. आला तर, असं नाही.

१२ फेब्रु., गुरु.

नामदेवतात्या रे.ला भेटायला आला, बाजारातून मटार घेऊन. त्याला व्हिडिओ दाखवला. रे. कोपऱ्यात उभी राहून त्याचं तोंड बघत होती. तात्याने आधी स्टेअरिंगचं कौतुक केलं. मग अंथुर्ण्याची म्हातारी उतरली आणि तात्या एकदम म्हणाला, "आरं आरं आरं." आणि रे.कडे बघितलं. तिने जोरात एक टिचकी वाजवली. तात्याने तोंड मिटलं.

दाराशी सोडायला गेलो तेव्हा विचारलं, तात्या, काय चुकलंय? "ताईनं सांगितलं न्हाय ना तुमाला? मग मी कोन सांगनारा. येवढं मातुर म्हनतो, ती म्हातारी जिती घरी कशी पोचली देव जानं." आणि हसत गेला. म्हातारीत काय वाईट आहे? लुगडं तर मी इतकं सुंदर नेसवलंय.

१६ फेब्रु., सोम.

डॉक्टर. परत कॅमेरा. एक गाठ विरघळली. दुसरी आहे तशीच. "अजून दहा दिवस बघू. मग बोलायला लावून आवाज तपासू. नाही सुटला तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर पहिल्यासारखा जोर येईलच असं मी सांगणार नाही."

रे.ने घरी काहीच लिहिलं नाही. चमचाही वाजवला नाही. वाढलेलं जेवली.

१८ फेब्रु., बुध.

दुकानात आली. हातात खाकी ड्रेसचे दोन जोड, धुऊन इस्त्री केलेले. पाटी आणली नव्हती, माझ्याच खडूने टेबलावर लिहिलं, "पिशव्या शिवा. बाजाराला होतील."

मी म्हटलं, ईदचे कपडे आलेत ढीगभर, ईदनंतर बघू. ती गेली. ड्रेस वरच्या फळीवर ठेवलेत, दिसणार नाहीत असे. त्या बाह्यांना मी कात्री लावणार नाही, मग ती रागावली तरी चालेल.

२१ फेब्रु., शनि.

रोजे सुरू. डॉ.नी रे.ला दिवसभर घोट-घोट पाणी प्यायला सांगितलंय, त्यामुळे तिचे नाहीत. तरी पहाटे सहेरीच्या जेवणाला माझ्याबरोबर उठते, समोर बसते. आज मी सहज म्हटलं, ती चूक नाही ना सापडत अजून. तिने वर बघितलं. किती दिवसांनी तोंडावर जरा हसू. मग पाटीवर, "आंधळे."

२३ फेब्रु., सोम.

सापडली.

एका पोराचा ईदचा कुर्ता कापत होतो. बाह्या कापताना कापड दुहेरी घ्यावं, सुलट बाजू एकमेकींसमोर, नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. शिकायला आलेल्याला पहिल्या आठवड्यात सांगतात ते. आज कापड अपुरं होतं म्हणून एकेरीवर कापलं. एक बाही झाली, दुसरी तशीच आखली, कात्री टेकवली आणि हात थांबला. ही पण उजवीच निघणार. कापड उलटं केलं पाहिजे.

आणि डोक्यात एकदम गाडी आली. व्हिडिओ काढून बघितला. काय सांगावं! बारामती मी डावीकडे मांडली, इंदापूर उजवीकडे, नकाशात असतं तसं. म्हणजे गाडीचं तोंड उजवीकडे. म्हणजे बघणाऱ्याला दिसते ती ड्रायव्हरची बाजू. आणि दार मी त्याच बाजूला लावलं! एसटीला त्या बाजूला दार असतं कुठे? पिंपळीपासून निमगावपर्यंत सगळी माणसं मी भर रस्त्यात उतरवली, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरपुढे. अंथुर्ण्याची म्हातारी तर शांतपणे, लुगडं सावरत. आणि घंटी वाजवून उतरवणारी कोण, तर जिच्या गाडीतून कुणी थांबायच्या आधी एक पाय खाली टाकला तर त्याची सात पिढ्यांची चौकशी होते ती.

एकटा हसत बसलो शटर ओढून. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मोबाईलवर एक बटण दाबलं की चित्र उलटं होतं. गाडी डावीकडे तोंड करून पळते, दार बरोबर बाजूला येतं. पण मग गाडीच्या पाटीवरचं "इंदापूर" आरशातल्यासारखं वाचावं लागतं. करून बघितलं आणि लगेच परत होतं तसं केलं. पाटीसाठी नाही. चूक दुरुस्त केली तर तिला सांगायला काय राहील?

२४ फेब्रु., मंगळ.

घरी सांगायचं नाही हे अवघड. तिने पाटीवर विचारलं, "सापडली?" मी म्हटलं, म्हातारीच्या लुगड्याचा रंग का? तिने कपाळावर हात मारला. खोटं बोललो, रमजानमध्ये. हे खोटं माफ असावं.

२६ फेब्रु., गुरु.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. दहाची वेळ होती, नंबर आत्ता लागला. येताना स्टँडवरून आलो. इंदापूर गाडी लागलेली, नवा कंडक्टर दारात उभा राहून नुसताच मोबाईल बघत होता. रे. दोन पावलं थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि चालू लागली. सकाळी मी विचारलं होतं, भीती वाटते का. तिने चमचा दोनदा वाजवला. चल.

आत बोलावलं. मीही उठलो तर तिने हाताने बस म्हणून सांगितलं. एकटी गेली, ड्युटीवर जाते तशी, पदर खोचून.

डॉक्टर म्हणणार, काहीही बोला, पहिलं जे सुचेल ते. मला माहीत आहे तिला काय सुचणार. नाव नाही घेणार माझं, अल्लाचं घेईल आधी आणि मग ती चूक सांगेल. किती जोरात येईल, येईल का, की नुसतीच हवा येईल, मला काही सांगता येत नाही. तिच्या घशात काय आहे ते डॉक्टरांना आणि वरच्याला ठाऊक. पण ती बाहेर येऊन, जेवढा असेल तेवढ्या आवाजात, "दार चुकलंय" म्हणाली, तर मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघणार आणि म्हणणार, कुठलं दार गं?